मनवरभाऊ लॅपटॉप तपासतात

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मनवरभाऊंनी बुंदीच्या टोपल्यात कोपरापर्यंत हात घातला. पंगत बसायची होती, वरपक्षाची माणसं बघत होती, आणि हा माणूस बाही वर करून, डोळे मिटून टोपल्याच्या तळाशी काहीतरी चाचपत होता. मग त्यांनी मूठभर बुंदी बाहेर काढली, दाबली, नाकाशी नेली आणि माझ्या वडिलांना शांतपणे सांगितलं, "वरचा माल आजचा हाय. खालचा कालचा हाय. वला झाला."

वडिलांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आचाऱ्यानं आधी पोराबाळांच्या शपथा घेतल्या, मग निमूट टोपलं उलटं केलं. खालची बुंदी खरंच आदल्या दिवशीच्या कुठल्यातरी लग्नातली निघाली. मनवरभाऊंची खरी अडचण हीच आहे. चारातून एकदा ते बरोबर निघतात. कायम चुकत असते तर आमच्या दिग्रस गावानं त्यांना केव्हाच हसण्यावारी नेलं असतं.

सुखदेवराव मनवर हे आमच्या गल्लीतले. जिनिंगमध्ये ग्रेडर. म्हणजे कापसाची बैलबंडी फाटकातून आत आली की तिच्यात हात घालून आतला कापूस बाहेर काढायचा, दोन अंगठ्यांत धागा ताणून लांबी बघायची, सरकी दाताखाली फोडून ती कटकन फुटते की दबते ते ऐकायचं आणि माल कोरडा का ओला ते सांगायचं. सत्तावीस वर्षं हेच केलेलं. कापूस पिकवून आणणारा कास्तकार म्हणायचा, हा माणूस व्यापाऱ्याचा. व्यापारी म्हणायचा, हा कास्तकाराला फितूर. मनवरभाऊ दोघांवरही संशय घ्यायचे, त्यामुळे त्यांचं कुणाशीच वाकडं नव्हतं आणि कुणाशी फारसं जमतही नव्हतं.

त्यांची दोन वाक्यं ठरलेली. एक, "वरचं नका दाखवू." दुसरं, "याच्यात काहीतरी हाय." पेपर घेतील तर गठ्ठ्याच्या मधला. काडेपेटी घेतील तर रांगेतली सातवी-आठवी. पुसदच्या बसमध्ये बसताना आधी पाटी वाचतील, मग कंडक्टरला विचारतील, मग ड्रायव्हरला, आणि शेवटी एखाद्या म्हाताऱ्या बाईशेजारी बसून हळूच म्हणतील, "बाई, ही खरंच पुसदले जाते नं?" डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या तर एका दुकानातून घेतील आणि दुसऱ्या दुकानात जाऊन विचारतील, ह्या कायच्या गोळ्या हाय.

हसू नका. त्या वर्षांत संशय घेणं हे आमच्या जिल्ह्यात वेड मानलं जात नव्हतं. बियाण्याचं पाकीट बोगस निघायचं, फवारणीचं औषध पाण्यासारखं निघायचं, खरेदी केंद्र उद्या उघडते म्हणत महिना जायचा. कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. जिनिंगची दोन पाळ्यांची एक पाळी झाली, मग आठवड्यातून तीन दिवस. सगळा तालुकाच एकमेकांकडे डोळे बारीक करून बघत होता. मनवरभाऊ आधीपासून बघत होते एवढंच.

माझा कॉम्प्युटर क्लास आहे. बसस्टँडच्या मागे, पिठाच्या गिरणीवर. त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा आठवीत होती तेव्हा तिची आई गेली. नववीत त्यांनी तिला माझ्याकडे घातलं. घातलं म्हणजे लगेच नव्हे. आधी तीन दिवस खाली गिरणीच्या बाकावर बसून त्यांनी माझ्या खिडकीवर लक्ष ठेवलं. चौथ्या दिवशी वर आले आणि म्हणाले, "मास्तर, बोर्डावर आठ कॉम्प्युटर लिहिले. चालून राह्यले सहाच." दोन खरंच बंद होते.

पोरगी हुशार. तासाभराचं काम वीस मिनिटांत उरकायची आणि उरलेल्या वेळात एका मशीनवर शेतीचा खेळ खेळत बसायची. परदेशातला खेळ. ट्रॅक्टर चालवा, नांगरा, पेरा, कापा, विका. रोज उशीर होतोय म्हटल्यावर मनवरभाऊंच्या मनात पाल चुकचुकली. क्लासात मुलगेही येतात, नाही का. एक दिवस चपला खालीच काढून ते अनवाणी जिना चढून आले, आवाज होऊ नये म्हणून. येऊन बघतात तर पोरगी एकटीच, गव्हाच्या वावरात ट्रॅक्टर वळवतेय.

पाच मिनिटं मागे उभे राहिले. मग न राहवून पडद्यावरच्या बांधाकडे बोट दाखवत म्हणाले, "अवो, धुऱ्यावर एवढी जागा काहून सोडली?"

तिनं दचकून मागे पाहिलं. ते खुर्ची ओढून बसले ते दोन वर्षं उठले नाहीत. रोज संध्याकाळी सहा ते सात, बाप-लेक शेजारी शेजारी. ती चालवायची, ते दोष काढायचे. मी एकदा समजावून सांगितलं, "भाऊ, याला सिम्युलेशन म्हणतात."

"म्हंजे?"

"म्हणजे खऱ्यासारखं."

"खऱ्यासारखं म्हंजे खोटंच नं," ते म्हणाले आणि पुन्हा पडद्याकडे वळले.

पहिले काही महिने त्यांचा त्या खेळावर अजिबात विश्वास नव्हता. कापूस नाही म्हटल्यावर ही शेती कसली असं त्यांचं म्हणणं पडलं. अळी नाही, हे तर त्यांना पटेचना. "अळी दडून बसली असन. अचानक येईन पाहा." आली नाही. पीक निघालं, विकलं, पैसे त्याच क्षणी खात्यात. ते खुर्चीत मागे टेकले. "भाव पाडला नाही. वजन कापलं नाही. बसवून ठेवलं नाही. हे गाव कुठं हाय मास्तर? याच्यात काहीतरी हाय."

आई गेल्यापासून त्या घरात बोलणं उरलं नव्हतं हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. दोघं एकमेकांना ताट वाढायचे आणि भिंतीकडे बघत जेवायचे. माझ्या क्लासात मात्र गव्हावरून, डिझेलवरून, ट्रॅक्टर उलटा घातला म्हणून दोघांची अशी जुंपायची की बाकीची मुलं टायपिंग थांबवून ऐकायची. मी फी घेणं सोडून दिलं. मनवरभाऊंना त्यातही काहीतरी वाटलं असणारच.

बारावी झाली आणि प्रज्ञाला अमरावतीला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. होस्टेलवर राहायचं. कॉलेज पंधरा दिवसांत सुरू होणार, त्याआधी लॅपटॉप हवा. भाऊ माझ्याकडे आले. बजेट तीस हजारांच्या आत, त्यावर एक रुपया नाही. मी म्हटलं, काही काळजी नाही, पहिल्या दोन वर्षांचं काम साध्या लॅपटॉपवर निघतं, बावीस-चोवीसमध्ये चांगला हलका मिळेल, उरलेल्यात पुस्तकं घ्या.

"त्याच्यावर खेळ चालन काय?"

"कोणता खेळ?"

"आपला. शेतीचा."

मी त्यांना नीट समजावलं. त्या खेळाला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, रॅम जास्त लागते, असा लॅपटॉप महाग पडतो, जड असतो, गरम होतो, बॅटरी दोन तासही टिकत नाही. पोरगी शिकायला चाललीय, खेळायला नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "बराबर हाय. पन खेळ चालला पायजे."

आता माझ्या मनात शंका आली. शेजाऱ्याची सर्दी लागावी तसा त्यांचा संशय मला लागला होता. मला वाटलं, हा माणूस स्वतःसाठी खेळ बघतोय. जिनिंगमध्ये काम नाही, दिवस जात नाही, पोरीच्या नावावर स्वतःची चैन. सुट्टीत ती आली की लॅपटॉप बळकावून बसायचा बेत. एवढा कंजूष माणूस एरवी खेळासाठी अडून बसतो होय.

आम्ही तिघं बसनं यवतमाळला गेलो. मी दुकान आधीच ठरवलं होतं. मालक ओळखीचा, पन्नाशीचा, सभ्य माणूस. त्यानं काउंटरवर मांडलेला एक लॅपटॉप उघडून दाखवला.

"वरचं नका दाखवू," मनवरभाऊ म्हणाले.

मालकानं आतून नवा खोका आणला. भाऊंनी मान हलवली. भिंतीशी खोक्यांची चळत होती, तिच्या बरोबर मधल्या खोक्यावर बोट ठेवलं. मालकानं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. वरचे सगळे खोके एकेक करून उतरवले गेले. प्रज्ञा दुकानाच्या दारात जाऊन रस्त्यावरची रहदारी बघू लागली.

हा पहिला लॅपटॉप पातळ, चंदेरी, हातात घेतला तर पाटीसारखा हलका. प्रज्ञाला बघताक्षणी आवडला. सुरू केल्यावर भाऊंनी मला डिस्क किती ते विचारलं. खोक्यावर पाचशे जीबी लिहिलेलं. आत बघितलं तर चारशे पासष्ट.

"पस्तीस कुठं गेले?"

मालकानं हसून सांगितलं, ते तसंच असतं. कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते, कॉम्प्युटर एक हजार चोवीसच्या हिशेबानं मोजतो.

"म्हंजे विकताना एक माप," भाऊ सावकाश म्हणाले, "अन् मोजताना दुसरं. अन् हे खोक्यावर छापून राह्यले." त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आदर होता. आमच्या बाजारात माल ओला आहे म्हणून वजनातून थोडं कापतात त्याला कडता म्हणतात. एवढा सफाईदार कडता त्यांनी सत्तावीस वर्षांत पाहिला नव्हता. मग मला हाताला धरून बाजूला नेलं. "मास्तर, खरं सांगा. तुमी यायले सामील हाय काय?"

मला राग आला. खरंच आला. सकाळपासून ह्या माणसापायी उपाशी होतो मी. पण प्रज्ञा बघत होती म्हणून गिळला.

मग त्यांनी जेवणाच्या पिशवीतून रुमालात गुंडाळलेली खेळाची सीडी काढली. दुकानातच चालवून दाखवा म्हणाले. पातळ लॅपटॉपवर खेळ सुरू झाला, पण ट्रॅक्टर एक पाऊल जायचा आणि थांबायचा, परत एक पाऊल, परत थांबायचा. "हुचकी लागली त्याले," भाऊ म्हणाले. मालक म्हणाला, चालून चालून सुरळीत होईल. ते ऐकून भाऊंनी तो लॅपटॉप हळूच, दोन बोटांनी, पलीकडे सरकवला.

दुसरा चांगला चालला, पण त्याची किंमत छत्तीस हजार. भाऊंनी तो परत मिटून ठेवला. तेव्हा मालक आत गेला आणि बऱ्याच वेळानं एक धुळीनं माखलेला खोका घेऊन आला. मागच्या वर्षीचं मॉडेल. जाड, काळा, कडांना रबर, चार्जर विटेएवढा. ग्राफिक्स कार्ड होतं आणि तीसच्या आत येत होता.

"हा मागं काहून ठेवला?"

"कोणी घेत नाही भाऊ. जड आहे, दिसायला बरा नाही."

हे कारण भाऊंना पटलं. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या दुकानदाराचं काही त्यांना पटताना मी पाहिलं. खेळ चालू केला. ट्रॅक्टर तरातरा निघाला. भाऊंनी तळहात लॅपटॉपच्या पोटाखाली घातला आणि तसेच उभे राहिले. ओला कापूस गंजीत आतून तापतो आणि पेटतो, वरून काही कळत नाही, त्यामुळे तापण्याची त्यांना मोठी धास्ती. पाऊण तास हात काढला नाही. खेळात पेरणीपासून कापणीपर्यंत सगळं झालं. मालकानं मध्येच स्वतःचा डबा खाऊन घेतला.

"घेतो," ते म्हणाले.

तेव्हा प्रज्ञा पुढे आली. "बाबा, हा केवढा जड हाय. रोज पाठीवर न्या लागते. मले तो पयला पायजे. अन् मले खेळ कायले लागते? तिथं कोन खेळनार हाय?"

भाऊंनी हात खिशात घातला, बाहेर काढला, परत घातला. पोरीनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. काय दिसलं तिला कोण जाणे. ती म्हणाली, "बरं. हाच घ्या. याचे बटनं चांगले हाय."

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्याशी बोललो नाही. पोरीच्या पाठीवर तीन किलोचं ओझं दिलं ह्या माणसानं, स्वतःच्या हौसेपायी, असं डोक्यात घोळत राहिलं. पुढच्या आठवड्यात, पोळ्याच्या आधी, ती अमरावतीला गेली.

मनवरभाऊंच्या घरात मोबाइलला रेंज नाही. त्यामुळे ते रोज सहा वाजता माझ्या क्लासात येऊन, खिडकीशी उभं राहून तिला फोन लावू लागले. त्यांना हळू बोलता येत नाही, त्यामुळे सगळं मला ऐकू यायचं.

"गहू पेरला काय? किती वावरात? एवढंच? ट्रॅक्टरचं काय झालं मंग?"

तिकडून ती काहीतरी सांगायची, इकडून हे तपासणी करायचे. मक्यावरून बोलणं मेसच्या पोळ्यांवर जायचं, तिथून खोलीतल्या मुकुटबनच्या मैत्रिणीवर, तिथून गणिताच्या मास्तरवर, तिथून तिच्या सर्दीवर. वीस मिनिटं, कधी पंचवीस. फोन ठेवून ते खाली उतरायचे. मी कबूल करतो, माझा राग हळूहळू उतरला. निदान खेळ पोरगीच खेळत होती.

दिवाळीच्या सुट्टीत प्रज्ञा मला भेटायला वर आली. इकडचं तिकडचं झाल्यावर खालच्या आवाजात म्हणाली, "सर, एक सांगू? तो खेळ मी गेल्या गेल्या दोन दिवस उघडला असन. मंग नाहीच. एवढे विषय हाय, प्रॅक्टिकल हाय. बाबा रोज विचारते, तं मी मनानंच सांगतो, गहू झाला, मका झाला. मांगच्या महिन्यात तं मी हार्वेस्टर नाल्यात पाडलं म्हनून सांगतलं. बाबा चार दिवस त्याच्यावरच बोलत होते." ती हसली, मग गप्प झाली. "त्याईले सांगू नका सर. वाईट वाटन त्याईले. घरात एकटेच असते."

मी नाही सांगणार म्हटलं. पण बुंदीच्या टोपल्याचा तळ काढणारा माणूस हा. किती दिवस कळणार नाही? आणि कळेल तेव्हा काय होईल? पोरीनं फसवलं म्हणून हा माणूस उरलेल्या एकुलत्या एका माणसावरही संशय घ्यायला लागला, तर त्याला राहिलं काय?

ती परत गेली. सहाचे फोन परत सुरू झाले. मी कान देऊन ऐकायचो, आणि ती एखादी चूक करील म्हणून माझाच जीव टांगणीला लागायचा. एक दिवस तिनं केलीच. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण भाऊ म्हणाले, "चार दिवसापयले तं तू तोच गहू इकला म्हनत होती." मी हातातलं काम सोडलं. मग भाऊच म्हणाले, "दुसऱ्या वावरातला असन. हाव, तोच असन. माह्यीच गफलत झाली." आणि पुढे पंधरा मिनिटं बोलत राहिले.

फोन ठेवल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊ, काडेपेटी घेता तर आठवी घेता. हिचं मात्र सगळं खरं मानता?"

"खरं कोन मानते," ते म्हणाले.

ते बाकावर बसले. "दिवाईत ती झोपलती तवा उघडला म्या लॅपटॉपमधला खेळ. शेवटचं कवा खेळलं ते तारखीसकट दिसते. पोळ्याच्या आधीची हाय. तवापासून ट्रॅक्टर वावरातच उभा हाय."

"मग तिला बोलले नाही?"

"काय बोलू?" त्यांनी फोन रुमालानं पुसला, खिशात ठेवला. "मास्तर, मले तिच्या शिक्षनातलं काही समजत नाही. काय विचारू तिले? जेवली काय म्हनलं का हाव म्हनते. झोपली होती काय म्हनलं का हाव म्हनते. दोन मिनिटात फोन बंद. तिची माय असती तं बोलली असती काही बाही. मले नाही येत. गव्हाचं विचारलं तं बोलते. खोटं बोलते, पन वीस मिनिटं बोलते." जरा थांबून म्हणाले, "यवतमाळले दुकानातच म्हनत होती, खेळ नाही पायजे. तवाच कळलं होतं मले, खेळनार नाही हे. पन चालत असला तं विचारता तं येते नं."

मग उठले. दारात वळून म्हणाले, "तिले सांगू नका. लाजन ती."

मला त्या लॅपटॉपवरून त्यांच्याबद्दल जे जे वाटलं होतं त्याची शरम वाटली. काहीतरी बोलावं म्हणून मी जिन्यापर्यंत गेलो, तोवर ते खाली उतरले होते.

क्लास बंद करून घरी आलो. माझा मुलगा तीन वर्षांपासून पुण्याला आहे, नोकरीला. हात-पाय धुतले आणि त्याला फोन लावला.

"जेवला का?"

"हो."

"तब्येत?"

"ठीक."

पुढे काय विचारावं ते मला सुचेना. मग तोच म्हणाला, "बाबा, काही काम होतं का?"